नवी बॅटरी, नवा सेल्फ, तरी कट-कट: एका जुन्या ॲम्बेसेडरच्या केबलचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यातलं हे प्रकरण आहे. गावाचं आणि माणसांची नावं गाळली आहेत. मोजमापं माझ्या वहीतली आहेत. मी ऑटो इलेक्ट्रिशियन. ट्रॅक्टर, मेटाडोर, पिकअप हे माझं रोजचं काम. जुनी कार वर्षातून एखादी येते.

पार्श्वभूमी

गाडी १९८३ ची, मार्क ४ ॲम्बेसेडर, पेट्रोल, १४८९ सीसी. मूळ आराखडा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. हिंदुस्थान मोटर्सने ती बंगालमधल्या उत्तरपाड्याला २०१४ पर्यंत बनवली. त्यामुळे इंजिनाचे सुटे भाग अजून मिळतात. वायरिंगचं मात्र कोणी नाव घेत नाही, कारण वायरिंग हा ‘पार्ट’ आहे असंच कोणाला वाटत नाही.

मालक सत्तरीचे शेतकरी, गावात सगळे त्यांना काकाजी म्हणतात. गाडी त्यांच्या वडिलांनी कापसाच्या पैशातून घेतलेली. रोजच्या वापरात नाही. पोळ्याला, लग्नकार्याला, कधी दवाखान्याला निघते, एरवी घराला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये उभी. भाव वाढेल या आशेवर ठेवलेला कापूसही त्याच शेडमध्ये, अर्ध्या उंचीपर्यंत. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

एप्रिलमध्ये नातीचं लग्न होतं आणि नवरदेव याच गाडीत बसवायचा, हे काकाजींनी साखरपुड्यालाच जाहीर करून टाकलं होतं. मला बोलावणं आलं फेब्रुवारीत.

अडचण

किल्ली फिरवली की ‘कट-कट’ आणि मग शांतता. कधी सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) दोन फेरे घ्यायचा, तेही दळण संपलेल्या जात्यासारखे. हँडल मारलं की मात्र अर्ध्या फेऱ्यात गाडी चालू. ॲम्बेसेडरला पुढच्या बंपरमधून हँडल घालायची सोय असते आणि काकाजींचा पुतण्या दोन महिने त्याच्याच जिवावर काम भागवत होता. पण लग्नाच्या मांडवापुढे हँडल मारत उभं राहणं काकाजींना मंजूर नव्हतं.

मी पोहोचण्याआधी झालेला खर्च असा: नवी बॅटरी ५,६०० रुपये, जुनी बदल्यात देऊन. सेल्फ उतरवून त्याचे कार्बन आणि बुश बदलले, १,९०० रुपये. दोन्ही कामांनंतर आठवडाभर थोडा फरक वाटला आणि पुन्हा तेच.

“बॅटरी नवी, सेल्फ नवा, तरी कट-कट करून राह्यली. आता काय गाडीले मंत्र मारू काय, भाऊ?” काकाजींचा हा पहिला प्रश्न.

हँडलवर चालू होते आणि सेल्फवर नाही, यातच निम्मं उत्तर होतं. हँडल मारताना बॅटरीवर भार नसतो, कॉइलला पुरे १२ व्होल्ट मिळतात आणि ठिणगी जोरदार पडते. म्हणजे कार्बोरेटर, प्लग, टायमिंग ठीक. सेल्फ मारताना जवळजवळ दीडशे अँपिअर ओढले जातात, आणि तेव्हा कुठेतरी व्होल्टेज गळत होतं.

पहिली मोजणी

आधी गाडी ढकलून अंगणात आणली. पुतण्या म्हणाला, इथंच बघा ना, सावली आहे. बॅटरीपासून सेल्फपर्यंतच्या जाड केबलवर फ्यूज नसतो. ती गाडीच्या बॉडीला लागली तर जळेपर्यंत जळते, आणि शेजारी कापूस. उन्हात बसून काम केलं.

दुसरी खात्री अर्थची, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय याची. जुन्या इंग्रजी वळणाच्या काही गाड्यांत बॉडीला प्लस जोडलेला असतो. ही गाडी त्या काळानंतरची असली तरी चाळीस वर्षांत कोणी काय फिरवलंय याचा नेम नाही. पाहिलं, बॉडीला मायनसच होता.

बॅटरी निवांत असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन चालू होणार नाही, नुसतं फिरेल. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. पुतण्याला सांगितलं, मी म्हणेन तेव्हा पाच सेकंद सेल्फ मार, मग एक मिनिट थांब. मीटरची लाल पिन बॅटरीच्या प्लसच्या शिशाच्या खुंटावर (त्यावर आवळलेल्या केबलीच्या क्लॅम्पवर नाही, खुंटावरच), काळी सेल्फच्या बोल्टवर. सेल्फ फिरत असताना मीटरने दाखवलं १.३ व्होल्ट.

हा आकडा केबलीत वाया जाणाऱ्या व्होल्टेजचा. या बाजूला तो फार तर पाव-अर्धा व्होल्ट असावा. तुकडे पाडून मोजलं:

- खुंट ते क्लॅम्प: ०.५
- क्लॅम्प ते सोलेनॉइड (किल्ली फिरवली की सेल्फचा करंट जोडणारा स्विच): ०.४५
- सोलेनॉइडच्या आरपार: ०.१
- सोलेनॉइड ते सेल्फ: ०.२५

सोलेनॉइड चांगला, दोन्ही केबली आणि क्लॅम्प वाईट. क्लॅम्पवर निळसर-पांढरी बुरशी होतीच. केबलीचं रबर एका ब्रॅकेटच्या धारेवर घासून तांबं उघडं पडलं होतं, आतल्या तारा काळपट.

मला चोर सापडला, आणि मी तिथेच मोजणं थांबवलं. मायनसची बाजू मोजलीच नाही. बॅटरी ते बॉडीची मायनस केबल वरून बरी दिसत होती, एवढ्यावर भागवलं.

समोर असलेले पर्याय

*टोक कापून नवा टर्मिनल लावणं.* सगळ्यात स्वस्त, आणि पुतण्याचा आग्रह यालाच. करून पाहिलं. केबलीचं टोक चार इंच कापलं तरी आतल्या तारा काळ्याच. ॲसिडचा ओलावा तारांमधून वर चढतो. आणखी कापली असती तर केबल सोलेनॉइडपर्यंत पोहोचली नसती. जोड मारायचा प्रश्नच नव्हता. हा पर्याय तिथेच संपला.

*ट्रॅक्टरच्या दुकानातली तयार केबल.* तालुक्याला लगेच मिळते, दोन्ही टोकं तयार. हिची गंमत अशी की बाहेरून अंगठ्याएवढी जाड आणि आत तांबं करंगळीहून बारीक. रबराची जाडी पाहून माणूस फसतो. दुकानात टोकाकडून पाहिली तेव्हा आतलं तांबं १० चौरस मिलिमीटरच्या आसपास वाटलं. तेवढ्या तांब्याच्या १.२ मीटर लांबीवर दीडशे अँपिअरला ०.३४ व्होल्ट पडतात. ३५ चौरस मिलिमीटरला तेच ०.१ व्होल्ट. चालली असती, पण नव्यानेच अर्ध्या आजारी अवस्थेत.

*शहरातून गाडीची म्हणून मिळणारी केबल मागवणं.* काकाजींचा कल इकडे, कारण दिसायला जुन्यासारखी हवी. किती दिवसांत येईल याचा भरवसा नाही, आणि आली तरी आत काय असेल ते आल्यावरच कळणार.

*वेल्डिंगची केबल आणून स्वतः बनवणं.* वेल्डिंग केबल बारीक तारांची, लवचिक, थरथर सोसणारी असते आणि विदर्भात प्रत्येक तालुक्याला फॅब्रिकेशनवाले असल्याने मिळतेही. हाच पर्याय ठरला. वेल्डिंग केबलीचं रबर ऑइल-पेट्रोलला सगळीकडे सारखं टिकत नाही, म्हणून वरून काळी नळी घालायची असं बोललो. काळ्या नळीमुळे काकाजींचं दिसण्याचंही समाधान झालं.

केबल आणायला गेल्यावर

सुतळीने मापं घेतली: बॅटरी ते सोलेनॉइड ४५ सेंटिमीटर, तिथून सेल्फ ७५. इंजिन रबरावर हलतं, म्हणून सेल्फच्या बाजूला थोडा झोळ धरला. मायनसची केबल वयाने तेवढीच, म्हणून तिचे ४० सेंटिमीटरही त्यातच. तीन मीटर आणायला सांगितली.

पुतण्या तालुक्यातून संध्याकाळी घेऊन आला. हातात घेतली आणि हलकी लागली. एक तार ब्लेडने खरवडली तर आत पांढरी. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम.

“काय फरक पडते भाऊ? करंट तर जातेच ना! आता यवतमाळले जावं लागन.”

करंट जातो, पण त्याच जाडीत तांब्याच्या साधारण ६० टक्केच वाहकता. ती तूट जाड केबल घेऊन भरून काढता येते. खरा त्रास टोकाला आहे. थिंबलमध्ये, म्हणजे केबलीच्या टोकावर दाबून बसवलेल्या भोकाच्या टर्मिनलमध्ये, ॲल्युमिनियम हळूहळू सैल पडतं, त्यावर न वाहणारा थर चढतो, आणि बॅटरीजवळच्या ॲसिडच्या वाफेत तर लवकरच. वर्षा-दोन वर्षांनी हीच कट-कट परत. केबल परत दिली. दुकानदाराने कुरकुर करत बदलून घेतली, मात्र तांब्याची त्याच्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची आली. भाव दुपटीच्या वर, वजनही.

प्रत्यक्ष काम

आधी मायनस सोडला, मग प्लस. हा क्रम चुकला आणि प्लस सोडताना पाना बॉडीला लागला तर पान्याचा वेल्डिंग रॉड होतो. मायनस आधी सुटलेला असेल तर पाना कुठेही लागू दे. जोडताना उलट: प्लस आधी, मायनस शेवटी. काकाजींच्या पुतण्याच्या हातातलं कडं काढायला लावलं, तेही याच कारणासाठी.

थिंबल बसवण्यावर थोडा वाद झाला. आमच्याकडे रीत अशी की थिंबल ऐरणीवर ठेवून छिन्नी-हातोड्याने ठोकायचं आणि वरून सोल्डर ओतायचं. मीही वर्षानुवर्षं तेच केलं आहे. पण सोल्डर तारांमधून वर चढतं, तेवढा भाग सळईसारखा ताठ होतो आणि जिथे ताठपणा संपतो तिथे थरथरीने तारा तुटतात. जुन्या केबलीचं सेल्फकडचं टोक नेमकं तसंच तुटायला आलेलं होतं. म्हणून यंदा हातोडा बाजूला ठेवला आणि गावातल्या सबमर्सिबल मोटारी भरणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याच्याकडे थिंबल दाबून बसवायचं हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन आहे, ३५ चौरस मिलिमीटरच्या साच्यासकट. कथिलाचा मुलामा असलेली तांब्याची थिंबलं, प्रत्येकाला दोन दाब. एक टोक पायाखाली धरून जोर लावून ओढून पाहिलं, हललं नाही. वर गोंदवाली हीट श्रिंक नळी, म्हणजे ओलावा आत जायला वाट नाही. मिस्त्रीने चहाचेही पैसे घेतले नाहीत, फक्त गाडीतून एक चक्कर मागितली.

सोलेनॉइडचा बोल्ट अडीच सुताचा, त्याला आठ एमएमच्या भोकाचं थिंबल बसतं. बॅटरीचे क्लॅम्प पितळी घेतले. इथे एक बारकावा: बॅटरीचा प्लसचा खुंट मायनसपेक्षा किंचित जाड असतो, क्लॅम्पही वेगवेगळे येतात. जुना प्लसचा क्लॅम्प हातोड्याने ठोकून बसवलेला होता, म्हणजे बहुधा मायनसचाच तिथे घुसवला होता. खुंट खायच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुतला, सेलची बुचं घट्ट आहेत हे बघूनच, कारण सोडा आत गेला तर बॅटरीचं ॲसिड मारतो. क्लॅम्प आवळल्यावर वरून व्हॅसलिन.

ज्या ब्रॅकेटने जुनी केबल कापली होती तिथे रबरी ग्रोमेट बसवला आणि दोन ठिकाणी क्लिपा लावल्या.

दुसरा घोटाळा

किल्ली फिरवली. सेल्फ फिरला, आधीपेक्षा बरा, पण मनासारखा नाही. मी म्हटलं, बुश नवे आहेत, जरा घट्ट असतील. हे वाक्य मला आजही टोचतं, कारण ती मोजणी नव्हती, मनाची समजूत होती. पुतण्याने चोक ओढून तीन-चार वेळा लांब सेल्फ मारला. पाच सेकंदांची शिस्त आम्ही दोघंही विसरलो होतो.

“भाऊ, धूर निघून राह्यला! चोकपासून!”

डॅशबोर्डच्या मागून चोकच्या तारेचं प्लास्टिक वितळत होतं. बॉनेटखाली हात लावला तर तारेचं आवरण चटका बसण्याइतकं गरम. मायनस उपटून काढला आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. रबरातून करंट जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्स आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याची जाळीदार अर्थ पट्टी असते. सेल्फने ओढलेला सगळा करंट तिच्यातून परत जातो. ती नसेल तर करंट दुसरी वाट शोधतो: इंजिनावरून कार्बोरेटर, तिथून चोकची तार, तिथून डॅशबोर्ड. सायकलच्या ब्रेकच्या तारेएवढ्या तारेतून सेल्फचा करंट. ती तापणारच. प्लसची नवी केबल टाकून मी करंटाला पुढचा रस्ता मोकळा करून दिला होता, म्हणून आधी नुसती कोमट होणारी तार आता धुमसली.

गाडीखाली शिरलो. गिअरबॉक्सजवळ बॉडीच्या बाजूला एक रिकामं भोक, त्याभोवती रंग नसलेलं वाटोळं वर्तुळ. पट्टी होती, आता नव्हती. काकाजींना आठवलं की दोन वर्षांपूर्वी क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवला होता, आणि कट-कट त्यानंतरच्याच हिवाळ्यापासून.

आता नीट मोजलं. बॅटरीचा मायनस खुंट ते सेल्फची बॉडी, सेल्फ एक-दोन सेकंदच मारून: १.९ व्होल्ट. त्यातले बॉडी ते इंजिन एवढ्या टप्प्यातच १.७, बाकीचे ०.२ खुंट आणि नवी मायनस केबल मिळून. पहिल्या दिवशी लाल पिन जिथे लावली होती तिथून एक हात पलीकडे लावली असती तर हे तेव्हाच दिसलं असतं.

जाळीदार पट्टी जिल्ह्याच्या गावाहून आली, ३० सेंटिमीटर. बॉडीचा रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर घातला, घट्ट आवळून वरून ग्रीस. चोकची तार नवी.

परिणाम

शेवटची मोजणी: सेल्फ मारताना बॅटरीवर १०.३, सेल्फवर ९.९. प्लसच्या बाजूला ०.२२, मायनसच्या बाजूला ०.१८. डीसी क्लॅम्प मीटरवर १५० अँपिअरच्या आसपास. (मोटारवाल्या मिस्त्रींकडचा साधा क्लॅम्प मीटर इथे चालत नाही, तो बहुतेक वेळा एसीचाच असतो.) किल्ली फिरवली की दुसऱ्या फेऱ्याला गाडी चालू.

आणखी एक उलगडा झाला. बॅटरी भरणारा आल्टरनेटर इंजिनावर बसतो, त्याचा करंटही याच वाटेने फिरतो. पट्टी नसताना आल्टरनेटरवर १४.१ आणि बॅटरीवर १३.३ व्होल्ट मिळत होते, म्हणजे बॅटरी कधीच पुरी भरत नव्हती. पट्टी लावल्यावर दोन्हीकडे १४ च्या वर. बदल्यात दिलेली जुनी बॅटरी बहुतेक चांगली होती, फक्त उपाशी होती. हे काकाजींना सांगावं की नाही याचा विचार केला आणि सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “साडेसात हजार गेले अन् चोर निघाला तिसराच.”

केबल, थिंबलं, क्लॅम्प, पट्टी आणि चोकची तार मिळून सामानाला साधारण २,३०० रुपये लागले.

एप्रिलमध्ये भर दुपारी, ४३ अंशांत, नवरदेव गाडीत बसला. गाडी मांडवापुढे बंद करून अर्ध्या तासाने पुन्हा किल्लीवरच चालू झाली. मी गर्दीत उभा राहून आवाज ऐकत होतो, जेवायला नंतर बसलो.

पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजायला गेलो. प्लसच्या बाजूला ०.३ झाले होते. पितळी क्लॅम्प पाव फेरा सैल निघाला, आवळल्यावर परत ०.२२.

पुन्हा करायचं तर

प्लस आणि मायनस, दोन्ही बाजू पहिल्याच बैठकीत मोजायच्या. चार मिनिटांचं काम मी चार दिवस लांबवलं. ‘दिसतंय ना खराब’ म्हणून थांबणं ही माझी चूक, मीटरची नाही. दोन दोष एकाच वेळी असू शकतात, जुन्या गाडीत तर असतातच.

आधीच्या मिस्त्रींना दोष द्यायला मला जड जातं. सेल्फ कट-कट केला की बॅटरी, मग सेल्फ, हा क्रम आम्ही सगळ्यांनीच लावून ठेवला आहे, कारण त्या वस्तू विकता येतात. पण क्लचचं काम करणाऱ्याने एक पट्टी उरली हे बघायला हवं होतं. तेव्हापासून मी गिअरबॉक्स उतरवण्याआधी मोबाइलवर फोटो काढायला लावतो, पोरं हसतात तरी.

धूर निघाला तेव्हा गाडी अंगणात होती. पहिल्या दिवशीचा एकच निर्णय निखालस बरोबर ठरला तो हा, आणि तो घेताना मला चोकच्या तारेची कल्पनाही नव्हती.

एक गोष्ट मात्र राहिली. मायनसवर कट-ऑफ स्विच बसवावा असं मी सुचवलं होतं, म्हणजे गाडी शेडमध्ये कापसाशेजारी महिना-महिना उभी असताना केबलीत करंटच नसेल. स्विच आणला, पण तो बसवायला बॉडीला दोन भोकं पाडावी लागतात. काकाजी म्हणाले, “बाबाच्या गाडीले भोक नाही पाडायचं, भाऊ.” ब्रॅकेट बनवून आहे त्याच बोल्टवर बसवतो म्हटलं, त्यावर “पाहू ना जी, कापूस विकला की.” स्विच अजून डॅशबोर्डच्या कप्प्यात, डब्यातच आहे. गाडी शेडमध्ये लावली की पुतण्या बॉनेट उघडून हातानेच मायनस सोडून ठेवतो.